मधल्या जागेचा वारस

ब्रोडेक, नेब्रास्का
रविवार, चर्चमधून आल्यावर, जेवणाआधी

तीर्थस्वरूप स्टॅनदादा यास,

धाकट्या एमिलचा, गुडघा वाकेल तेवढा वाकून नमस्कार. (उजवा गुडघा. डावा अजून शहाणा आहे, पण शेजाऱ्याचं बघून तोही बिघडायला लागलाय.)

आम्ही सगळे खुशाल. तुझं रक्तदाब मोजायचं यंत्र अजून खरं बोलतं का, की तूच त्याला दटावून हवा तो आकडा काढून घेतोस? फिनिक्सला म्हणे अजून पायातली चप्पल डांबराला चिकटते. इथे कालपासून पहाटे गारवा आहे, मक्याची कणसं पिवळी पडायला लागलीत, आणि तुझ्या जुन्या घराच्या मागचं सफरचंदाचं झाड यंदा इतकं लगडलंय की नवे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पिशव्या भरून देतात. आम्हालाही दिली. आग्नेसनं मुरंबा केला आणि पहिली बरणी भरताना चमचा चाटून बघितला. बहिणीच्या, म्हणजे वहिनीच्या, हाताचा मुरंबा वेगळा लागायचा, एवढंच म्हणाली. बाकी तिची प्रकृती उत्तम, जिभेची तर विशेषच.

तुझं पत्र पोचलं. त्यातली तीन पानं गोल्फची होती, ती आग्नेसनं वाचली नाहीत आणि मला कळली नाहीत. शेवटच्या दोन ओळी मात्र आम्ही दोघांनी पुन्हापुन्हा वाचल्या. तू लिहिलंस, "शाळेच्या पहिल्या सामन्याला येईन, पण मधल्या जागी आपल्या वोंद्राकांचा पोरगा उभा असेल तरच. नाही तर आता मला तिथे कोण आहे?" दादा, हे वाक्य लिहिताना तुला काही वाटलं नाही का रे? मी आहे ना इथे! सॉसेज विकून विकून मीच सॉसेजसारखा झालो असेन, पण आहे ना! असो. वहिनी गेल्यापासून तू या गावात पाऊल टाकलेलं नाहीस, आणि का टाकलं नाहीस ते मला कळतं, म्हणून मी रागावत नाही. (रागावलो होतो. आग्नेसनं दोन दिवस पत्र लिहू दिलं नाही.)

तर मधली जागा कोणाला दिली, ते सांगायला हे पत्र. पण सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तू माझी पत्रं पत्त्यांच्या अड्ड्यावर मोठ्यानं वाचून दाखवतोस अशी बातमी आहे, आणि तिथे म्हणे एक इंग्लंडचा म्हातारा येतो, ज्याला फुटबॉल म्हणजे गोल चेंडू लाथाडणं एवढंच ठाऊक. त्या सद्गृहस्थांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की आमचा चेंडू लांबुळका असतो, तो हातात धरून पळायचं असतं, आणि पळणाऱ्याला दुसऱ्या संघानं धरून जमिनीवर लोळवायचं असतं. लोळवणाऱ्यांची पहिली फळी म्हणजे रेडे. त्यांच्या मागे तिघं उभे असतात, ते लाइनबॅकर. रेड्यांच्या हातून जो सुटला, तो यांच्या वाट्याचा. या तिघांत मधला म्हणजे घरातला कर्ता. समोरचे काय करणार ते आधी ओळखायचं आणि ओरडून बाकीच्यांना सांगायचं. दुसरा जड बाजूचा, जिकडे समोरच्यांची गर्दी जास्त असते तिकडचा. त्यानं घुसायचं आणि अंगावर घ्यायचं, फार विचार करायचा नाही. तिसरा हलक्या बाजूचा. त्याच्यापुढे गर्दी नसते, पण त्याला सगळ्या मैदानाला वळसा घालून पळणाऱ्याला गाठावं लागतं. आपल्या वेळी मधला तू, जड बाजूला फ्रँक ह्रुश्का आणि हलक्या बाजूला मी. गावात अजून कोणी माझी ओळख करून देताना "हा स्टॅनच्या बाजूचा" असंच म्हणतं. चाळीस वर्षं मी खाटकाचं दुकान चालवलं ते कोणाच्या लक्षात नाही.

आता घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं या उन्हाळ्यात आपली शाळा वायलंडच्या शाळेत मिसळली. होय, वायलंड! ज्यांच्या बसला आपण बटाटे मारले, ज्यांनी आपल्या पाण्याच्या टाकीवर डुकराचं चित्र काढलं, तेच डेन्मार्कहून आलेले डेन लोक. दोन्ही गावांत पोरंच उरली नाहीत, करणार काय. इतकी वर्षं आपण आठ-आठ जणांचा लंगडा फुटबॉल खेळत होतो, त्यात लाइनबॅकर दोनच. आपला लाल रंग नि त्यांचा निळा मिसळून जे कपडे शिवलेत त्यांचा रंग थेट उकडलेल्या बिटासारखा झालाय. पण दादा, एक सांगतो. ज्या दिवशी मैदानावर दोन गावांची पोरं मिळून पुन्हा अकरा उभी राहिली, आणि फळीच्या मागे मला पुन्हा तीन लाइनबॅकर दिसले, तेव्हा मी बाहीनं डोळे पुसायला लागलो. नीगार्डनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, धूळ गेली.

हा नीगार्ड म्हणजे हार्लन नीगार्ड, वायलंडचा कोच. आता तो मुख्य आणि मी लाइनबॅकरांपुरता. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, इथे तर एका म्यानात एक तलवार आणि एक खाटकाचा सुरा. माणूस सरळ आहे, पण गळ्यात घंटेसारखं घड्याळ बांधून फिरतो. पोरांना नारिंगी शंकूंभोवती पळवतो, कॉम्प्युटरमधून लांबलचक कागद काढतो आणि त्यावर बोट ठेवून म्हणतो, हा मधला, हा जड बाजूचा. कागदावर कोण वेगात पळतं ते कळतं रे, पण अंगावर कोणी आलं तर हा पोरगा कुठे बघतो ते कागदाला काय ठाऊक? मी त्याला सांगितलं, आमच्या गावात लाइनबॅकर नाचात निवडतात.

त्याचं तोंड बघायला हवं होतंस. "नाचात? नाचून फुटबॉल खेळता होय तुम्ही?" मी म्हटलं, "मग काय घड्याळ बघून खेळायचा? पाव भाजायचाय का?"

मग मला त्याला झाब्का मास्तर सांगावे लागले. (इंग्लंडच्या सद्गृहस्थांनीही ऐकावं.) आमचे झाब्का मास्तर शाळेत गणित शिकवायचे, फुटबॉल शिकवायचे आणि शनिवारी लग्नांत बँडमध्ये ढोल वाजवायचे. ढोल बँडच्या मागे, भिंतीला टेकून, थोडा उंचावर. तिथून सगळा हॉल दिसतो. पोल्का नाचाची लय चढली की तीस-चाळीस जोड्या एकाच दिशेनं गरगरत फिरतात, त्यात म्हातारे, पोरं, बिअर प्यालेले मामा, सगळेच. मास्तर हातानं ढोल वाजवायचे आणि डोळ्यांनी आमचे पाय बघायचे. कोण जोडीदारणीच्या खांद्यावरून पुढचं बघतो, कोण समोरच्याला धडकून वाट काढतो, कोण भिंतीकडेनं लांबून वळसा घालूनही सगळ्यांच्या आधी पोचतो. सोमवारी मैदानावर गेलं की जागा ठरलेल्या असायच्या. तू, फ्रँक आणि मी एकाच लग्नात निवडले गेलो, त्या रात्री बदक-डम्पलिंग नि आंबट कोबी खाऊन फ्रँकचं पोट बिघडलं होतं, आठवतं? आणि तू वहिनीला घेऊन हॉलच्या मधोमध, आणि सगळा गाव तुमच्याभोवती फिरतोय. तुमचं लग्न व्हायचं होतं अजून. ती निळ्या झग्यात होती. मी भिंतीकडेनं आग्नेसला घेऊन पळत होतो, ती माझ्या कानात ओरडत होती, अहो हळू, माझा बूट निघाला. पण माझं लक्ष तुमच्याकडे. किती सुंदर दिसत होतात रे तुम्ही. हॉल अजून तसाच आहे, फक्त छताला पंखे बसवलेत आणि बिअरच्या टेबलाचा एक पाय मोडलाय (तो कसा मोडला ते पुढे येईलच).

मास्तर गेल्यावर तो ढोल माझ्याकडे आला, ते तुला माहीतच आहे. बाबांचं अकॉर्डियन तुझ्याकडे, मास्तरांचा ढोल माझ्याकडे. तुझं अकॉर्डियन कपाटात झोपलंय आणि माझा ढोल दर शनिवारी मार खातोय.

तेव्हा मी नीगार्डला म्हटलं, आमच्या बोझेना मावशीच्या नातीचं लग्न आहे, सगळ्या टीमला बोलावणं आहे, तूही ये. तुझा कागद एका हातात घेऊन बस आणि माझा ढोल ऐक. जमलं तर तुझा कागद खरा, नाही तर माझा ढोल खरा. आता अडचण अशी, की वायलंडमध्ये दोन तऱ्हेचे डेन आहेत, एक हसरे आणि एक सोवळे. हसरे नाचतात, सोवळे नाचाला पाप म्हणतात. नीगार्ड सोवळ्यांतला. आणि मधल्या जागेला ज्या पोराचं नाव त्याच्या कागदात सगळ्यात वर होतं, तो इव्हर मॅडसन, तो तर सोवळ्यातल्या सोवळ्या आजीचा नातू. लांबडा, पांढऱ्या भुवयांचा, बोलणं असं की एका वाक्याला उत्तर मिळेपर्यंत माणसाची दाढी वाढावी. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम! हा पोरगा भिंतीला चिकटून लिंबू सरबत पीत बसणार, आणि आपला नातू ट्रॅव्हिस सगळ्यांसमोर नाचून मधली जागा घेऊन जाणार. (हो, मी असा विचार केला. तूच तो विचार करायला लावलास. तू फिनिक्समध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतोस आणि इथे शेळ्यांमागे मला पळावं लागतं.)

ट्रॅव्हिसला मी आठवडाभर स्वयंपाकघरात नाचवलं. पोरगं गोड आहे, दादा. नातू म्हणून सांगत नाही. अंगानं सडपातळ, पायांत वारा. तुझा आकडा पाठीवर शिवून घेतलाय त्यानं. मला रोज विचारतो, स्टॅनआजोबा मध्ये उभे राहून काय ओरडायचे? मी म्हणतो, जे ओरडायचे ते आजीसमोर सांगता येणार नाही.

लग्न झालं, जेवणं झाली, आम्ही वाजवायला बसलो. मी माईकवर सांगितलं, फुटबॉलच्या सगळ्या पोरांनी फ्लोअरवर यायचं, एकही बाहेर नको, कोचचा हुकूम आहे. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून इव्हरकडे बघितलं. पोरगा उठला. नीगार्ड खुर्चीत ताठ झाला. इव्हर चालत चालत हॉलच्या अगदी मधोमध आला, हात बाजूला सोडले आणि उभा राहिला. नुसता उभा! मी ढोल सुरू केला, जोड्या फिरायला लागल्या, आणि हा मधोमध खांबासारखा. त्याला वळसे घालून सगळं गाव पोल्का करतंय. नंतर मी विचारलं, काय रे हे? तर म्हणाला, "तुम्ही म्हणालात फ्लोअरवर या. आजी म्हणाली नाचू नकोस. मी दोघांचंही ऐकलं."

पण ते नंतरचं. तेव्हा मला हसू आलं आणि मी लय वाढवली, म्हटलं बघू किती वेळ टिकतो. आणि हळूहळू मला दिसायला लागलं की हा नुसता उभा नाहीये. फिरतोय. जागेवरच, मानेनं आणि पायांनी थोडा थोडा, जिकडे गर्दी तुंबेल तिकडे तोंड करून. बोटानं एका मामाला म्हणाला, इकडून. एका जोडीला हातानं थांबवलं, दुसरीला सोडलं. नाचणाऱ्यांना कळतही नव्हतं की कोणी त्यांना हाकतंय. माझा एक ठोका चुकला, तुतारीवाला माझ्याकडे वळून बघायला लागला.

आपला ट्रॅव्हिस? काय सांगू. इतका सुरेख नाचत होता की माझी छाती फुगली आणि त्याच वेळी कळलं, मधली जागा याची नाही. कारण तो बाहेरून, भिंतीकडेनं, आपल्याच नादात, पायांवर जीव लावून पळत होता. पुढच्या जागेकडे बघत होता, हॉलकडे नाही. मला माझीच पावलं दिसत होती, दादा. तो तू नव्हतास. तो मी होतो.

आणि मग बोझेना मावशी उठली. ऐंशी उलटलीत, काठी आहे, ऐकू येत नाही, आणि समोरच्या टेबलावर खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, दिसले की तिला दुसरं काही दिसत नाही. ती सरळ हॉल ओलांडायला लागली. पोल्का भरात! एका बाजूनं ट्रॅव्हिस नवरीच्या मैत्रिणीला घेऊन वाऱ्यासारखा येतोय, दुसऱ्या बाजूनं नवरदेवाचा काका, आपल्या जुन्या गिरणीच्या दारासारखा माणूस, डोळे मिटून, काकूला उचलून गरगरतोय. मध्ये मावशी. मी ढोल थांबवायचा की वाजवायचा हेच मला सुचेना, हात आपले वाजवतायत. तेवढ्यात मधून आवाज आला. त्या मुक्या पोराचा आवाज! "ट्रॅव्हिस, बाहेरून! डस्टी, जागा भर!"

ट्रॅव्हिसनं वर बघितलंही नाही. ऐकलं आणि पोरीसकट भिंतीकडून वळसा मारून मावशीच्या पलीकडे. आणि डस्टी, आपल्या फ्रँकचा नातू, जो बिअरच्या टेबलापाशी प्लेट हातात घेऊन उभा होता, त्यानं प्लेट टाकली आणि काकाच्या समोर छाती लावली. काका, काकू, डस्टी आणि बिअरचं टेबल, सगळे एकमेकांवर. टेबलाचा पाय तिथे मोडला. फ्रँक कोपऱ्यातून नव्या खुब्यावर उभा राहून ओरडतोय, "शाब्बास रे माझ्या रेड्या!" आणि मावशी? मावशीला काहीच कळलं नाही. ती इव्हरच्या कोपराला धरून कोलाच्यांपर्यंत पोचली आणि त्याला म्हणाली, तू कोणाचा रे, उंच झालास. मग एक कोलाचा त्याच्या तोंडात कोंबला.

आमचा बँड थांबला. नीगार्ड खुर्चीवर उभा होता, घड्याळ लोंबतंय, कागद खाली पडलाय. आणि त्याचा उजवा पाय, दादा, खुर्चीवर ठेक्यात हलत होता. ठेका थांबला होता तरी हलत होता. माझ्याकडे बघून त्यानं तो थांबवला आणि नंतर येऊन हळूच म्हणाला, "पाय आपोआप हलला. आमच्या पाद्रीला सांगू नका." मी म्हटलं, तुझा कागद आणि माझा ढोल एकच नाव सांगतात, मग पाद्रीला कशाला मध्ये घ्यायचं. त्यानं हात पुढे केला, मी धरला. वायलंडच्या माणसाचा हात! बाबा असते तर मला दोन दिवस जेवायला वाढलं नसतं.

तर तिघांच्या जागा अशा ठरल्या. मध्ये इव्हर मॅडसन. जड बाजूला डस्टी ह्रुश्का. हलक्या बाजूला आपला ट्रॅव्हिस, माझ्या जुन्या जागी. हे लिहायला मला इतकी पानं लागली, कारण पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच मिटवलं असतंस.

ट्रॅव्हिसला सांगताना माझ्या अंगाला घाम फुटला होता. दुकानाच्या मागे, जिथे आपण सॉसेज धुरी द्यायला टांगायचो, तिथे त्याला नेलं आणि सांगितलं. मी भाषणाची तयारी करून गेलो होतो की हलकी बाजू म्हणजे कमी नाही, तुझे पाय, तुझा वेग, वगैरे. त्यानं मला मध्येच थांबवलं. म्हणाला, "आजोबा, ते मला लग्नातच कळलं. तो ओरडला तेव्हा मला बरं वाटलं. पळायचं कुठे ते आता मला ठरवावं लागणार नाही." मग जरा वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला आणि म्हणाला, "पण मग स्टॅनआजोबा येणार नाहीत ना?"

त्याला काय सांगू मी? सांगितलं, बघू, पत्र लिहितो.

म्हणून लिहिलं. तू शब्दाचा पक्का आहेस हे सगळ्या ब्रोडेकला माहीत आहे, आणि तो पक्केपणा किती वेळा गाढवासारखा असतो हे फक्त मला. मी काही आग्रह करत नाही. तुझं वय, तुझा रक्तदाब, तुझे गोल्फचे खड्डे. सामना शुक्रवारी संध्याकाळी आहे, मैदान आपलंच आहे. आग्नेस तुझ्यासाठी काही खास करणार नाहीये (बदक आणून ठेवलंय). पत्राचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल.

प्रकृतीला जप. उन्हात टोपी घाल. अड्ड्यावरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुझाच धाकटा,
हलक्या बाजूचा एमिल

ता. क. आलास तर बाबांचं अकॉर्डियन घेऊन ये. आपला अकॉर्डियनवाला संधिवातानं वाजवतो, दोन सूर वाजवतो आणि चार सूर कण्हतो.

ता. क. दुसरा. लाकडी बाकांच्या वरून तिसऱ्या ओळीत, खांबाशेजारची जागा रिकामी असते. वहिनी दर शुक्रवारी चौकटीचं पांघरूण घेऊन तिथे बसायची, ती जागा. कोणी ठरवलं नाही, पण तिथे कोणी बसत नाही. मागच्या वर्षी एक नवखा बसला, तर फ्रँकनं त्याला काठीनं ढोसून उठवलं. त्या जागेला लागून तुझी जागाही आपोआप रिकामी राहते. दोन जागा अशा मोकळ्या बघायला बरं वाटत नाही रे.

ता. क. तिसरा. हे अड्ड्यावर वाचू नकोस. इंग्लंडच्या सद्गृहस्थांना चहा आणायला पाठव आणि इथून पुढचं मनात वाच.

तू आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलास की झाब्का मास्तरांनी तुला मधली जागा तुझ्या नाचावरून दिली. वोंद्राकांचं रक्त, वोंद्राकांचे पाय वगैरे. दादा, तुला नाचता येत नव्हतं. नाचता येईना तर लोक अंगण वाकडं म्हणतात, तू तर अजून म्हणतोस की त्या हॉलची जमीनच वाकडी आहे. मास्तर आजारी होते तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो. ते हसत हसत म्हणाले, "तुझा भाऊ सगळ्या गाण्यात एक पाऊल हलला नाही. हॉलच्या मध्ये त्या पोरीला धरून उभा राहिला आणि मान फिरवून सगळ्यांकडे बघत होता. तेव्हाच ठरवलं, हा मधला. पण त्याला सांगू नकोस, नाही तर लाजून नाच शिकेल आणि मग काही कामाचा राहणार नाही." म्हणून मी सांगितलं नाही.

वहिनीला माहीत होतं. लग्नाआधीच तिनं आग्नेसला सांगितलं होतं, आणि आग्नेसनं मला आज सकाळी, मुरंब्याची बरणी पुसताना. ती म्हणाली होती, तो नाचला नाही गं, नुसता कानात सांगत होता, आता हा त्याला धडकणार, आता तो वळणार, तू इकडे सरक. सगळे आपटत होते, मला कोणाचा धक्काही लागला नाही. याच्याशी लग्न करायला हरकत नाही.

तू म्हणालास, मधल्या जागी आपल्या घरचा कोणी असेल तरच येईन. त्या पोराला हॉलमध्ये उभा बघितला तेव्हा माझा ठोका का चुकला असं तुला वाटतं? नाव मॅडसन आहे, आजी सोवळी आहे, पण दादा, शुक्रवारी मधल्या जागी तूच उभा असणार आहेस. ट्रॅव्हिसच्या पाठीवर तुझा आकडा आहे, इव्हरच्या मानेत तुझी मान आहे. तुला बघायला ती असती तर पांघरूण घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसली असती. तिच्या शेजारी येऊन बस.